उत्तर : बाबांच्या नावाने देणगी द्यावी की वस्तूच घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा ना, की बाबा दर वेळी "मला काही नको" म्हणतात, आधी दिलेल्या वस्तू कपाटात तशाच पडून आहेत, म्हणून यंदा फादर्स डेला एकतर त्यांच्या नावाने कुठेतरी देणगी द्यावी किंवा वस्तू घेतलीच तर ती निदान कुणाला पिळून बनवलेली नसावी, आणि बहीण म्हणतेय की देणगीची पावती हातात दिली तर "हे काय गिफ्ट झालं का" असं त्यांना वाटेल. मी बरीच वर्षं हे उद्योग करतेय, घरच्यांसाठी आणि ओळखीतल्यांनाही सुचवलंय, त्यामुळे जरा लांबण लागणार आहे.

बहिणीची भीती अगदी खरी आहे. होतं काय की आपण आपल्याला भिडणारं काम निवडतो आणि पावतीवर नाव बाबांचं घालतो. तुम्हाला समुद्री कासवांचं वेड, बाबांनी आयुष्यात कासवाबद्दल चकार शब्द काढलेला नाही, मग ती देणगी तुमचीच राहते की! त्यांना ते कळतं आणि ते कसंनुसं हसून "छान केलंस" म्हणतात. म्हणून संस्था शोधायच्या आधी एवढं आठवा की बाबा कुठल्या विषयावर कुणी न विचारता बोलत सुटतात, बातम्या बघताना कशावर चिडतात, कुणाला गुपचूप मदत करतात, घरात कुठलं आजारपण त्यांनी जवळून बघितलंय. उत्तर तिथेच असतं.

उदाहरणं देते म्हणजे कळेल. प्राणी, सैन्य, यंत्रं असल्या गोष्टीत रमणारे वडील असतील तर अपोपो नावाची संस्था बघा. १९९७ मध्ये सुरू झाली, टांझानियात आफ्रिकेतल्या मोठ्या उंदरांना जमिनीत पुरलेल्या सुरुंगांचा वास ओळखायला शिकवतात. उंदीर इतका हलका की सुरुंगावरून गेला तरी स्फोट होत नाही, आणि धातूच्या तुकड्यांकडे तो ढुंकून बघत नाही, फक्त स्फोटकाचा वास, त्यामुळे टेनिस कोर्टाएवढी जागा अर्ध्या तासात हुंगून होते, तीच मेटल डिटेक्टर घेतलेल्या माणसाला चार दिवससुद्धा लागू शकतात. त्यांच्यातल्या मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात शंभराहून जास्त सुरुंग आणि स्फोटकं शोधली आणि २०२० मध्ये त्याला पीडीएसए या ब्रिटिश प्राणिसंस्थेचं सुवर्णपदक मिळालं, हे पदक मिळवणारा तो पहिला उंदीर. अशा उंदराचं पालकत्व घेता येतं आणि त्याची खबरबात ईमेलने येत राहते. आता सांगा, ही गोष्ट बाबा शेजाऱ्यांना सांगणार नाहीत का? सांगण्यासारखी गोष्ट हातात येणं हा अशा भेटीचा अर्धा भाग आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वतःच्या तब्येतीबद्दल कधी न बोलणाऱ्या पुरुषांसाठी मूव्हेंबर आहे, २००३ मध्ये मेलबर्नला मित्रामित्रांच्या मिशा वाढवण्यातून सुरू झालेलं, आता प्रोस्टेटचा कॅन्सर, वृषणाचा कॅन्सर आणि पुरुषांचं मानसिक आरोग्य यावर काम करतं. पण घरात कुणाला नुकतंच असं आजारपण येऊन गेलं असेल तर जपून, भेट उघडताना ते सगळं परत समोर यायला नको.

"फुकट कुणाला काही देऊ नये" अशा मताचे वडील असतील (खूप असतात!) तर किवा नावाची साइट बघा. २००५ पासून चालू आहे, तिथे देणगी द्यायची नसते, छोटं कर्ज द्यायचं असतं, कुणाला शिवणयंत्रासाठी, कुणाला बियाण्यासाठी, पैसे हळूहळू परत येतात, आपल्याला व्याज मिळत नाही, आणि परत आलेले पैसे पुन्हा दुसऱ्या कुणाला देता येतात. गिफ्ट कार्ड दिलं की निवड बाबा स्वतः करतात, फोटो बघतात, धंदा चालेल का याचा हिशोब मांडतात, रिटायर झालेल्या माणसाला हे भारी आवडतं. मात्र एक गोष्ट माहीत असू द्या. तुम्ही निवडलेल्या बाईला बहुतेक वेळा तिथल्या स्थानिक कर्ज देणाऱ्या संस्थेने कर्ज आधीच देऊन टाकलेलं असतं, तुमचा पैसा त्या संस्थेची भरपाई करतो. २००९ मध्ये अर्थतज्ज्ञ डेव्हिड रूडमन यांनी हे उघडपणे मांडलं आणि मग किवाने साइटवरची भाषा बदलली. शिवाय तुम्हाला व्याज नसलं तरी कर्ज घेणाऱ्याला स्थानिक संस्थेकडे बहुतेकदा व्याज भरावं लागतं, त्या संस्थेचा दर काय ते तिच्या पानावर बघून मगच निवडा. बाबा हिशोबी असतील तर हे ते स्वतःच शोधून काढतील आणि तुम्हाला ऐकवतील.

असंच शेळी, कोंबड्या, गाय "भेट" देण्याच्या कॅटलॉगचं. हेफर इंटरनॅशनल ही संस्था हे १९४४ पासून करतंय, त्यांची पद्धत छान आहे, ज्या कुटुंबाला जनावर मिळालं त्यांनी त्याचं पहिलं मादी पिल्लू पुढच्या कुटुंबाला द्यायचं. पण असे बहुतेक कॅटलॉग बारीक अक्षरात सांगतात की तुमचे पैसे एकूण कामात जातात, तुमच्या पैशाची अमुक शेळी अमुक घरी गेली असं नसतं. मला यात फसवणूक वाटत नाही, उलट जिथे चारा-पाणी नाही तिथे केवळ तुम्ही ऑर्डर केली म्हणून शेळी नेऊन बांधली तर ते वाईट. फक्त कार्डावर "बाबा, तुमच्या नावाने एक शेळी दिली" असं लिहू नका, "शेतकरी कुटुंबांच्या कामाला मदत दिली" असं लिहा. शेळीचा फोटो कधी येणार असं त्यांनी विचारलं तर काय सांगणार?

आणि पैसेच द्यायला हवेत असं कुठे आहे. झूनिव्हर्स नावाचा, घरबसल्या संशोधकांना हातभार लावायचा ऑनलाइन प्रकल्प आहे, २००७ मध्ये आकाशगंगांचे फोटो लोकांकडून वर्गवारी करून घ्यायला गॅलेक्सी झू निघालं त्यातून वाढला, त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला त्या फोटोंत एक विचित्र निळसर ढग दिसला जो खगोलशास्त्रज्ञांनाही नवा होता. जुन्या जहाजांच्या नोंदवह्या उतरवून काढायचं कामही त्यांनी लोकांकडून करून घेतलंय, त्यातल्या हवामानाच्या नोंदी आज संशोधकांना लागतात. बाबांना खातं उघडून द्या आणि पहिल्या दिवशी शेजारी बसा, एवढीच भेट.

फॉर्म भरताना मात्र डोळे उघडे ठेवा. बऱ्याच साइटवर "सन्मानार्थ" आणि "स्मरणार्थ" असे दोन पर्याय असतात, चुकीच्या जागी टिक झाली तर धडधाकट बाबांना श्रद्धांजलीचं कार्ड जाईल!! दर महिन्याला पैसे कापायची टिक बऱ्याचदा आधीच लावलेली असते, ती काढा. ईमेल आणि फोन तुमचा द्या, त्यांचा नको, नाहीतर वर्षभर मदतीची आवाहनं त्यांना येत राहतात आणि भेटीचा ताप होतो. रक्कम कार्डावर दिसणार नाही असं बघा. वन्यप्राणी दत्तक योजनेत सोबत सॉफ्ट टॉय येतं, सत्तरीच्या माणसाला ते हवंय का ते तुम्हीच ठरवा, बहुतेक ठिकाणी नको म्हणता येतं.

संस्था कशी पारखायची यावर लोक पटकन विचारतात की पगार आणि ऑफिसवर किती टक्के जातात. हा आकडा एकटा फार काही सांगत नाही, २०१३ मध्ये अमेरिकेतल्या गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या देणगी घेणाऱ्या संस्थांची माहिती ठेवणाऱ्या तिघांनी मिळून देणगीदारांना पत्रच लिहिलं होतं की एवढ्यावरून संस्था तोलू नका. मी वार्षिक अहवालात बघते की नेमकं काय केलं आणि त्याचा उपयोग झाला की नाही हे त्यांनी मोजलं का, आणि काय जमलं नाही तेही लिहिलंय का. नुसते हसऱ्या मुलांचे फोटो असतील तर मी पुढे जाते.

आता वस्तू. बाबांचं बंद पडलेलं घड्याळ, टाचेला झिजलेले बूट, दांडी तुटलेला चष्मा, जुना रेडिओ, यातलं काहीतरी चांगल्या कारागिराकडून दुरुस्त करून द्या, यापेक्षा नैतिक खरेदी मला तरी माहीत नाही, आणि "मला काही नको" म्हणणारी माणसं इथे हमखास विरघळतात. (फादर्स डेला टाय आणि शर्टच का, तर १९३८ मध्ये न्यूयॉर्कला पुरुषांचे कपडे विकणाऱ्यांच्या संघटनेनेच या दिवसाच्या प्रचारासाठी कौन्सिल काढली होती, तेव्हा ते दडपण मनातून काढून टाका.)

नवीनच घ्यायचं तर "इको-फ्रेंडली", "नैसर्गिक" असे शब्द कुणीही छापतं, बाहेरून तपासणी होणारी खूण शोधा. कॉफी, चॉकलेटवर फेअरट्रेड, त्यात बहुतेक पिकांना किमान भाव ठरलेला असतो आणि वर मिळणारी जादा रक्कम कशावर खर्चायची ते शेतकऱ्यांची किंवा कामगारांची संघटना ठरवते. सुती कपड्यावर जीओटीएस (सेंद्रिय कापडाची खूण), "ऑरगॅनिक" म्हणायला किमान ९५ टक्के सेंद्रिय धागा लागतो, "मेड विथ ऑरगॅनिक" असेल तर ७० टक्केही चालतो, आणि कामगारांच्या अटीही त्यात येतात. लाकूड, कागद, डायरी असेल तर एफएससी (जंगल जपून काढलेल्या लाकडाची खूण), पण त्यात "१०० टक्के" आणि "मिक्स" वेगळे, "मिक्स"मध्ये सगळा माल तसल्या जंगलातला नसतो, हे लक्षात ठेवा. लोकरीचा स्वेटर घेत असाल तर आरडब्ल्यूएस (जबाबदारीने काढलेल्या लोकरीची खूण) बघा, मेरिनो मेंढ्यांच्या शेपटीभोवतीची कातडी कापायची पद्धत त्यात चालत नाही. चामड्याच्या बाबतीत मी नवं घेतच नाही, जुना पट्टा पॉलिश करते.

तुमच्या जागी मी असते तर दोन्ही केलं असतं, दुरुस्त केलेली एक वस्तू उघडायला आणि सोबत किवाचं कार्ड किंवा त्यांच्या विषयातली देणगी, म्हणजे बहिणीचाही आक्षेप राहत नाही. दुरुस्तीला वेळ लागतो, सुटा भाग मिळेपर्यंत आठवडे जातात, तेव्हा घड्याळ वगैरे असेल तर आजच काहीतरी निमित्त काढून ताब्यात घ्या. आणि बाबा कुठल्या विषयावर बोलत सुटतात ते इथे लिहा, मग त्यातली एखादी संस्था नेमकी सुचवते.