सोसायटीतर्फे महिला आधारगृहासाठी धान्य-किराणा गोळा करायचा आहे. काय मागवावं, कसं जमवावं?

व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन टाकण्याआधी संस्थेच्या अधीक्षक मॅडमना फोन करा. तुम्ही यादी विचारली आहे, पण ती त्यांच्या स्वयंपाकघरातूनच यायला हवी. किती बायका, किती मुलं, कोठीत जागा किती, दळण कुठे होतं, एवढं विचारलंत तरी निम्मं काम झालं.

पुण्यात आमच्या सोसायटीचं हे काम मी काही वर्षं बघते आहे. नुसतं 'धान्य द्या' म्हटलं की लोक घरातलं नको असलेलं काढून देतात. रबरबँड लावलेली अर्धी चणाडाळ, जाळी धरलेला रवा, कुणी न खाल्लेले ओट्स आणि बिस्किटांचा डोंगर. तेल, तिखट, मीठ, चहा पावडर मात्र कुणालाच आठवत नाही. म्हणून वस्तू वाटून द्या: ए विंग तूरडाळ आणि मूगडाळ, बी विंग तेल, सी विंग गूळ-शेंगदाणे-साखर, डी विंग मसाले, साबण आणि सॅनिटरी पॅड. सगळं बंद पाकिटातलं, तारीख बघून.

तांदूळ घरोघरून सुटा घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगेन. पूर्वीच्या मुष्टिफंडाची, म्हणजे घरोघरून मूठ-मूठ धान्य जमवण्याची कल्पना छान वाटते, पण चाळीस घरांचा तांदूळ एका पोत्यात गेला की इंद्रायणीचा गोळा होतो आणि शेजारचा कोलम टणकच राहतो. तो भात स्वयंपाकीण बाईंनी कसा रांधायचा? गहू-तांदळासाठी पैसे गोळा करा, मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून एकाच प्रतीची पोती उचला आणि बिलाचा फोटो ग्रुपवर टाका. हिशोब उघडा असला की पुढच्या वेळी मागावं लागत नाही. माझा ढोबळ अंदाज माणशी महिन्याला दहा किलो धान्य, त्यात मुलांचं थोडं कमी धरा.

बाळंतीण असेल तर अळीव, डिंक, खारीक जरूर द्या. बाळांसाठी दूध पावडरचे डबे आणि बाटल्या मात्र नकोत. बाळांच्या दूध पावडर-बाटल्यांबाबतच्या १९९२ च्या कायद्याने या वस्तू अशा दान देता येत नाहीत, अपवाद फक्त अनाथाश्रमांचा. सहा महिन्यांपुढच्या बाळांसाठी नाचणी द्या. वाढदिवसाचं उरलेलं जेवणही नको. शिळ्यापाक्याने कुणाला बाधलं तर जबाबदारी त्या मॅडमवर येते.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. यातल्या बऱ्याच बायका मारहाणीतून निघून आलेल्या असतात आणि नवरा किंवा सासरचे त्यांना शोधत असतात. त्यामुळे संस्थेचा पत्ता, लोकेशन किंवा पाटीचा फोटो ग्रुपवर जाता कामा नये. गेटवरच्या फ्लेक्सवर 'एका महिला संस्थेसाठी' एवढंच लिहा. बायका-मुलांचे फोटो अजिबात काढायचे नाहीत, चेहरा झाकूनही नाही. सभासद कुरकुर करतील, करू द्या.

वेळेचं म्हणाल तर दिवाळी आणि पितृपक्ष टाळा. तेव्हा सगळेच देतात आणि कोठीत पाय ठेवायला जागा नसते. आमच्याकडे अजून बऱ्याच घरी एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचे गहू भरतात, तेव्हा 'एक पोतं संस्थेसाठी' म्हटलं की लोक चटकन हो म्हणतात. फक्त संस्थेत साठवायची सोय आहे का ते विचारा, नाहीतर पावसाळ्यात पोरकिडे होतात. अशा वेळी निम्मे गहू जुलैनंतर पोचवा.

आणखी एक, वस्तूंच्या देणगीवर आयकरात सवलत नाही. ज्यांना ती हवी आहे त्यांनी संस्थेच्या खात्यात थेट पैसे भरावेत.

पोचवायला दोघे-तिघेच जा, त्यात बायका असाव्यात. सकाळी तिथे कोर्टाच्या तारखा आणि दवाखाना असतो, म्हणून मॅडमना विचारून दुपारची वेळ घ्या. पोती दारात उतरवायची, पावती घ्यायची आणि निघायचं. आत फेरफटका नको, भाषण तर नकोच. दोन-तीन महिन्यांनी परत फोन करा, तेव्हा गरज वेगळी असेल. एकदा आम्हाला आलेल्या यादीत धान्य नव्हतंच, नुसत्या मोठ्या कुकरच्या रिंगा आणि मिक्सरचं भांडं होतं.