पोटातले सेरोटोनिन मेंदूपर्यंत पोचते का? वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न: शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडले जाणारे एक रसायन) आतड्यात तयार होते असे वाचल्यापासून मी दोन महिने रोज दोन वेळा केळी खात आहे, कारण केळ्यात सेरोटोनिन असते म्हणे. मनाची उदासी मात्र तशीच आहे. माझे काय चुकते?

आपण वाचलेला आकडा बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला आहे, आणि त्याचा दोष आकडा अर्धवट सांगणाऱ्यांकडे जातो. आतड्याच्या अस्तरातल्या विशिष्ट पेशी सेरोटोनिन तयार करतात ते मुख्यतः आतड्याच्याच कामासाठी, म्हणजे अन्न पुढे सरकवणाऱ्या हालचालींसाठी आणि पाचक स्रावांसाठी. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये असलेला संरक्षक अडसर ओलांडून ते मेंदूत जाऊ शकत नाही, आणि केळ्यातलेही जात नाही. मेंदू आपले सेरोटोनिन स्वतःच बनवतो व त्यासाठी त्याला ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल लागते, जे दूध, अंडी, डाळी, तेलबिया अशा प्रथिनयुक्त अन्नातून मिळते. हे ट्रिप्टोफॅन अडसर ओलांडते खरे, पण त्याच दारातून आत शिरण्यासाठी इतर अमिनो आम्लांचीही गर्दी असते; त्यामुळे एखादा पदार्थ दुप्पट खाल्ला म्हणून मेंदूतले सेरोटोनिन दुप्पट होत नाही.

याचा अर्थ पोटाचा मनाशी संबंध नाही असा मात्र नव्हे. अमेरिकी सैन्यातले शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट यांच्याकडे १८२२ साली ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाचा एक तरुण बंदुकीच्या जखमेसह आला. जखम भरली, पण जठरात उघडणारे एक छिद्र कायमचे राहिले, आणि बोमाँट यांनी पुढे अनेक वर्षे त्यातून चालू जठर प्रत्यक्ष पाहिले. १८३३ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत त्यांनी नोंदवले आहे की राग किंवा भीती मनात असताना जठराचे अस्तर कधी लाल आणि कोरडे पडते, तर कधी फिकट आणि ओलसर होते, आणि पचन बिघडते. हा झाला मेंदूकडून पोटाकडे येणारा निरोप. उलट दिशेची वाहतूक तर याहून मोठी आहे: मेंदू आणि पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतले साधारण ८० टक्के धागे शरीरातली खबर मेंदूकडे नेणारे असतात. आतड्यातला ताण, तिथली सूज, तिथल्या जिवाणूंनी तयार केलेली रसायने यांचा परिणाम या आणि इतर मार्गांनी मेंदूपर्यंत पोचतो.

तेव्हा केळी जरूर खावीत, पण फळ म्हणून. आपल्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे: उदासी दोन महिने टिकून आहे. सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर आहार सुधारत बसण्याआधी डॉक्टरांना भेटावे.

प्रश्न: चिंता कमी करण्यासाठी प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जिवाणू असलेल्या) कॅप्सूल घ्याव्यात का? दुकानात इतके प्रकार आहेत की निवड करता येत नाही.

निवड करता येत नाही याचे कारण असे की निवडण्याजोगा पुरावाच अजून थोडा आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस या जिवाणूचा जेबी-१ हा वाण दिल्यावर त्यांचे भित्रे वागणे आणि ताणाचे संप्रेरक दोन्ही कमी झाले. व्हेगस मज्जातंतू कापलेल्या उंदरांत मात्र हा परिणाम दिसला नाही. प्रयोग फार सुंदर होता आणि त्याचा गाजावाजाही तसाच झाला. पुढे हाच वाण निरोगी पुरुषांना देऊन पाहिला, तेव्हा २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तो औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. उंदराला जे लागू पडले ते माणसाला पडेलच असे नाही, ही गोष्ट या क्षेत्रातल्या जाहिराती सोयीस्करपणे गाळतात.

शिवाय परिणाम वाणावर अवलंबून असतो. वेष्टनावर जिवाणूच्या नावापुढे वाणाची अक्षरे व आकडे छापलेले नसतील, तर त्या कॅप्सूलबाबत कोणत्याही संशोधनाचा हवाला देता येत नाही. माझे मत विचाराल, तर हे पैसे मी आधी ताटावर खर्च करीन. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ सालच्या अभ्यासात ३६ निरोगी प्रौढांपैकी ज्यांनी १० आठवडे दह्यासारखे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले, त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी अनेक प्रथिने कमी झाली. हा अभ्यास मनःस्थितीचा नव्हता, हेही सांगायला हवे. ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी खालावली आहे, त्यांनी मात्र प्रोबायोटिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

प्रश्न: माझी आई ५८ वर्षांची असून पूर्ण शाकाहारी आहे. मधुमेहासाठी ती दहा वर्षे मेटफॉर्मिन घेते. अलीकडे ती विसरते, चिडते आणि पायांना मुंग्या येतात असे म्हणते. मनावरचा आहार सुचवाल का?

आहार सुचवण्याआधी त्यांच्या रक्तातले ब-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या प्राणिज अन्नातच मिळते, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने त्याचे शोषण घटते. म्हणजे आपल्या आईच्या बाबतीत आवक आणि शोषण दोन्ही कमी असण्याची शक्यता आहे. विस्मरण, चिडचिड, खिन्नता आणि मुंग्या ही सारी लक्षणे या एका कमतरतेतून येऊ शकतात आणि उपचार लांबले तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. थायरॉइड आणि लोह यांचीही तपासणी त्याच वेळी व्हावी. मधुमेहामुळेही मुंग्या येतात, म्हणून निदान घरच्या घरी करू नये. नुसते फोलिक आम्ल सुरू करणे तर टाळाच, कारण त्याने या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय सुधारलेला दिसतो आणि ब-१२ची कमतरता आतून चालू राहते. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नये.

प्रश्न: नैराश्यासाठी मी सात महिने गोळ्या घेत आहे. आता बरे वाटते. आहार नीट सांभाळून गोळ्या सोडता येतील का?

गोळ्या कधी आणि कशा कमी करायच्या हे ज्यांनी त्या दिल्या त्यांच्याशी बोलूनच ठरवावे. एकदम थांबवल्यास चक्कर, झोपमोड, अस्वस्थता असे त्रास होतात आणि आजार उलटण्याचाही धोका असतो.

आहाराबद्दलचा आपला उत्साह मात्र निराधार नाही. ऑस्ट्रेलियात संशोधक फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यम ते तीव्र नैराश्याचे ६७ रुग्ण होते. एका गटाला १२ आठवडे आहारतज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळाले आणि भाज्या, फळे, डाळी, अख्खी धान्ये, मासे, ऑलिव्ह तेल यांवर भर देणारा आहार आखून दिला. दुसऱ्या गटाला तेवढ्याच भेटींत गप्पांची सोबत मिळाली. पहिल्या गटात सुमारे ३२ टक्के, तर दुसऱ्यात ८ टक्के रुग्ण नैराश्याच्या रेषेखाली आले. हे आकडे लोक हिरिरीने सांगतात, पण बहुतेक रुग्णांचे औषधोपचार किंवा समुपदेशन सोबत चालूच होते, हे सांगायचे राहून जाते. चाचणी लहान होती, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक होते, हीदेखील तिची मर्यादा आहे. आहाराने औषधाची जागा घेतली असे तिथे घडलेले नाही. तो औषधाच्या जोडीला उभा राहिला.

प्रश्न: दुपारी चारच्या कॉफीनंतर धडधड होते आणि रात्री झोप येत नाही. याचा संबंध आहे का?

आहे. कॅफिनचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे चारच्या कपातले निम्मे रात्री नऊला शिल्लक असते. दोन आठवडे शेवटचा कप दुपारच्या जेवणाआधी घेऊन पाहा. दुपारचे जेवण टाळून कॉफीवर भागवत असाल, तर आधी जेवण वेळेवर आणा.

प्रश्न: मला आयबीएसचे (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे वारंवार पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी असलेला आतड्याचा विकार) निदान झाले आहे. त्रास देणारे पदार्थ एकेक करत सोडत गेले. आता सातच पदार्थ उरले आहेत, बाहेर जेवायची भीती वाटते आणि पोट तरीही दुखते.

आपल्याला अन्नाची भीती बसली आहे, आणि आता तीच पोटदुखीत भर घालत असावी, असे पत्र वाचून वाटते. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात विकसित झालेला लो-फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात नीट न शोषली जाता आंबणारी काही कर्बोदके कमी करणारा आहार, अनेकांना उपयोगी पडतो, पण त्यातला कडक वर्ज्यतेचा टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो. त्यानंतर पदार्थ एकेक करून परत आणणे हा उपचाराचाच भाग आहे आणि बहुतेक लोक नेमका तोच गाळतात. वर्ज्यता लांबली की आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचे खाद्य तुटते, कारण तंतुमय पदार्थ ताटातून जातात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना ते दिवसाला किमान २५ ग्रॅम घ्यायला सांगते.

वजन उतरणे, शौचातून रक्त जाणे, पोटदुखीने रात्री जाग येणे यांपैकी काही असेल, तर आधी पोटविकारतज्ज्ञांकडे जावे. नसेल, तर आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक या दोघांची मदत घ्यावी. आयबीएसमध्ये बोधात्मक वर्तन उपचार (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे समुपदेशन) आणि पोटावर केंद्रित संमोहन यांचा उपयोग अभ्यासांत दिसलेला आहे. पदार्थ परत आणताना एका वेळी एकच, तीन दिवस, थोड्या प्रमाणापासून वाढवत घ्यावा आणि वहीत पदार्थासमोर पोटाचे दुखणे लिहितानाच त्या दिवशीची झोप आणि मनावरचा ताणही लिहावा. सुरुवात त्या पदार्थाने करावी, जो सोडल्यामुळे घरच्यांबरोबर जेवायला बसणे बंद झाले आहे.