चहाच्या चवीचं, पाण्यासारखं स्वच्छ कॉकटेल ९५० रुपयांना: यात खरंच काही आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्राच्या वाढदिवसाला लोअर परळच्या एका बारमध्ये मसाला चहाचं कॉकटेल घेतलं, रंग जवळजवळ पाण्यासारखा, चव मात्र अस्सल चहाची, बिल ९५० रुपये. हे करतात कसं, आणि ही कला आहे की नुसता देखावा? मी अकरा वर्षं मुंबईत बारच्या काउंटरमागे उभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही प्यायलात ते मिल्क पंच. त्यात दूध होतं, आणि ते मुद्दाम नासवलेलं होतं.

रम, कडक चहा, आलं-वेलची, साखर आणि लिंबाचा रस आधी एकत्र करतात. दुसऱ्या पातेल्यात दूध घेतात आणि हे आंबट मिश्रण त्या दुधात ओततात. दूध मिश्रणात नाही, मिश्रण दुधात. उलटं केलं तर चोथा नीट धरत नाही. दूध फाटतं, घरी पनीर करताना फाटतं तसंच. फरक एवढाच की घरी आपण चोथा ठेवतो, इथे पाणी ठेवतो. दुधातलं प्रथिन चहाचा तुरटपणा, बराचसा रंग आणि दारूचा घशाला लागणारा चरका स्वतःकडे ओढून घेतं. मग सगळं मलमलच्या कापडातून गाळायचं. पहिली वाटीभर धार गढूळच येते. ती परत त्याच चोथ्यावर हळूच सोडायची, कारण आता तो चोथाच गाळणी झालेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला थेंब आरपार दिसायला लागतो. कापड पिळायचं नाही. नव्या मुलाचे हात तिथेच शिवशिवतात, आणि एकदा पिळलं की सगळी बॅच पुन्हा गढूळ. रात्रभर टिपटिप चालू द्यायचं, बस्स. तुमच्या हातात ग्लास दोन मिनिटांत आला असेल, पण त्याचं काम आदल्या दुपारी सुरू झालेलं होतं.

आणि ही युक्ती आजची नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मिल्क पंच करत, कारण फ्रीज नसताना ते महिनोन् महिने टिकायचं. 'पंच' हा शब्दच आपल्या 'पाच'वरून गेला असं बरेच अभ्यासक मानतात: दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. मला सगळ्यात आवडतो तो मुंबईचा पुरावा. १६९४ सालच्या मुंबई सरकारच्या हुकूमवहीत नोंद आहे की खाणावळीत पंच प्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला एक क्वार्ट (साधारण लिटरभर) चांगली गोव्याची अरक नावाची कडक दारू, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचा रस मागता येईल, आणि त्याने आपलं पंच आपणच करून घ्यावं. म्हणजे कॉकटेल मुंबईत काल आलेलं नाही. मध्ये १९४९चा दारूबंदी कायदा आला, मग परमिट रूम आल्या, आणि आपल्या डोक्यात दारू म्हणजे क्वार्टर, सोडा आणि चखणा एवढंच उरलं.

गेल्या दहा वर्षांत बदललं ते हे की बारटेंडर बाजारहाट करायला लागला. २०१५मध्ये कमला मिलमध्ये बॉम्बे कँटीन हे रेस्टॉरंट सुरू झालं. आपली फळं, आपले मसाले कॉकटेलमध्ये मानाने येऊ शकतात हे तिथून माझ्यासारख्या अनेकांच्या मनात ठसलं. तोवर आम्ही परदेशी सिरपच्या बाटल्या उघडत होतो. आता कैरी, जांभूळ, आमसूल, कढीपत्ता येतो. साजूक तुपाचं कॉकटेलही ऐकलं असेल: पातळ तूप दारूत मिसळून काही तास ठेवायचं, मग फ्रीजरमध्ये टाकायचं. तूप थिजून वर येतं, ते काढून दारू गाळून घ्यायची. चरबी जाते, खमंगपणा मागे राहतो.

सध्या गर्दी पिकांते नावाच्या कॉकटेलमागे आहे: टकिला, लिंबू, मिरची, कोथिंबीर. आपल्या जिभेला हे नवीन नाहीच, चटणीचंच सामान आहे. टकिला निळ्या अगेव्हपासून होते, आणि आपल्या ओळखीचं घायपात त्याचंच भावंड, देशावर शेताच्या बांधाला उभं असतं ते. दख्खनच्या घायपातापासून आता भारतात दारू बनते. टकिला हे नाव मेक्सिकोसाठी राखीव असल्याने तिला तसं म्हणता येत नाही, पण बरी मिळाली तर पिकांते तिच्यात उत्तम लागतं.

देखावाही आहे, ते नाकारत नाही. काचेच्या घुमटाखालचा धूर पहिल्या घोटापर्यंत टिकत नाही. द्रव नायट्रोजनच्या धुराबाबत मात्र मला कळकळीने सांगायचंय. तो उणे १९६ अंशांवर असतो. २०१७मध्ये गुरुग्रामच्या बारमध्ये एका माणसाने धूर विरायच्या आत ग्लास रिकामा केला आणि त्याच्या पोटाला भोक पडलं. धूर पूर्ण जाईपर्यंत ग्लास ओठाला लावू नका, शेजारी कोणी कितीही व्हिडिओ काढत असो.

खरी परीक्षा दोन गोष्टींत होते, आणि दोन्ही फोटोत दिसत नाहीत. एक आंबट-गोडाचा तोल. आपलं लिंबू पावसाळ्यात वेगळं, मेमध्ये वेगळं. चांगला बारटेंडर रोज संध्याकाळी रस चाखून साखर ठरवतो. दुसरी गोष्ट बर्फ. शेक केलेल्या कॉकटेलमध्ये साधारण पाव भाग बर्फाचंच पाणी असतं, म्हणून बर्फ हा जिन्नस धरावा लागतो. काचेसारखा बर्फ करायचा तर चहूबाजूंनी थर्माकोल लावलेला, वरून उघडा डबा फ्रीजरमध्ये ठेवायचा. गोठणं वरून खाली होतं, हवा तळाशी ढकलली जाते, आणि तो पांढुरका तळ करवतीने कापून टाकायचा. लादी फ्रीजरमधून काढल्यावर तिच्यावरचं पांढरं दव जाऊन ती ओली चमकेपर्यंत थांबायचं. आधीच दारू ओतली की तडा जातो. मोठा तुकडा सावकाश वितळतो, त्यामुळे शेवटचा घोट पाणचट लागत नाही.

पैशांचं म्हणाल तर दारूची किंमत त्यातला एक भाग. लोअर परळचं भाडं, दुपारपासून राबणारी माणसं, परवान्याची फी आणि बिलावर दारूचा १० टक्के व्हॅट. म्हणून ९५० मला लूट वाटत नाही. पण त्याच पैशात बाटलीतलं सिरप आणि फ्रीजचा पोकळ बर्फ मिळाला, तर ती लूट आहे आणि तसं तोंडावर सांगावं.

पुढच्या वेळी आठच्या आत जा, टेबल सोडून काउंटरवर बसा. बरोबर धाकटी भावंडं असतील तर लक्षात ठेवा, महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. मेन्यू बाजूला ठेवून साधं व्हिस्की सावर मागा: व्हिस्की, लिंबू, साखर. त्यात लपायला जागा नसते. ते जमलेलं असेल तर बारटेंडरला सरळ मराठीत विचारा, आज बाजारातून काय आणलंय. मुंबईच्या अर्ध्या काउंटरांमागे आमचीच पोरं आहेत, खुशीत सांगतील.