वाचकांचे प्रश्न : पडदा काळा, पण बोर्ड जिवंत

प्रश्न : रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक-बोर्डावर ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचं कार्ड लावलं. बूटची ओळ दिसते, मग पडदा काळा. बोर्ड गेला का?

उत्तर : बोर्ड ठणठणीत आहे. ओपनबीएसडीच्या एआरएम६४ आवृत्तीत (६४-बिट एआरएम प्रोसेसरसाठीची) कन्सोल, म्हणजे संदेश दाखवायची आणि आदेश घ्यायची जागा, मुळातच पडद्याऐवजी सिरियल पोर्टवर असतो. इन्स्टॉलर तिथे तुमच्या उत्तराची वाट पाहत थांबलेला असतो. कीबोर्ड जोडलेला असेल तर 'बूट>' दिसताच पाच सेकंदांच्या आत 'सेट टीटीवाय एफबी०' असं रोमन लिपीत टाइप करा, एंटर दाबा, मग 'बूट'. पडद्यावर अक्षरं येतील.

तरीही सिरियल केबल घ्याच, कारण कर्नल (सिस्टिमचा गाभा) मध्येच अडकला तर कुठे अडकला हे तिच्यावरच नीट कळतं. ही केबल म्हणजे दुसऱ्या संगणकाच्या यूएसबीला बोर्डाच्या सिरियल पिना जोडणारा यूएसबी-टू-टीटीएल अडॅप्टर; तो ३.३ व्होल्टचाच हवा. ५ व्होल्टचा सिग्नल पायच्या पिनांना जाळू शकतो. अडॅप्टरचा ग्राउंड पिन ६ ला, आरएक्स (डेटा घेणारी तार) पिन ८ ला, टीएक्स (डेटा पाठवणारी) पिन १० ला. म्हणजे अडॅप्टरचा आरएक्स बोर्डाच्या टीएक्सला, आणि उलट. लाल (विजेची) तार मोकळीच ठेवा, बोर्डाला वीज त्याच्या स्वतःच्या चार्जरने द्या. सिरियलचा वेग १,१५,२०० बॉड.

काहीच उमटत नसेल तर आधी ८ आणि १० च्या तारा अदलाबदल करून पाहा; बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते. अक्षरांऐवजी कचरा दिसला तर आधी वेग तपासा. तो बरोबर असेल तर संशय मिनी-यूआर्टवर (बोर्डावरचं साधं सिरियल सर्किट) घ्या: त्याचा वेग कोअर क्लॉकवर अवलंबून असतो, क्लॉक हलला की अक्षरं बिघडतात. कॉन्फिग फाइलमध्ये 'डिसेबल-बीटी' ओव्हरले (जादा सेटिंग) लावला की त्या पिनांवर पीएल०११ हे दुसरं, स्थिर सिरियल सर्किट येतं. ब्लूटूथ मात्र जातं.