बोधनिक मानसशास्त्र: सुरुवात घड्याळापासून कर

बोधनिक मानसशास्त्र म्हणजे मन माहिती कशी घेतं, साठवतं आणि वापरतं याचा अभ्यास. त्यातल्या अवधान (लक्ष), स्मृती, संवेदन यांच्या व्याख्या घोकत बसू नकोस, परीक्षेपुरत्या त्या येतीलच. आधी एवढं पक्कं कर: मनातली प्रक्रिया दिसत नाही, तिला लागलेला वेळ मात्र मोजता येतो.

त्यासाठी मानसशास्त्रज्ञ सॉल स्टर्नबर्गचा 1966 चा प्रयोग सावकाश वाच. थोडे अंक लक्षात ठेवायचे, मग समोर आलेला अंक त्यात होता का, ते सांगायचं. यादीत एक अंक वाढला की उत्तराला साधारण 38 मिलिसेकंद जास्त लागत. आणि उत्तर ‘हो’ असो वा ‘नाही’, वाढ जवळपास तेवढीच! अंक सापडताच शोध थांबत असता, तर ‘हो’ची वाढ कमी असती. म्हणजे अंक सापडला तरी मन एकेक करत यादी शेवटपर्यंत तपासतं, असा त्याने अर्थ लावला. पुढे इतरांनी दाखवलं की सगळे अंक एकाच वेळी तपासले जात असले, तरी आकडे असेच येऊ शकतात. या विषयातली खरी भांडणं अशीच असतात.

स्ट्रूपचा प्रयोग घरीच करून बघ. हिरव्या शाईत ‘लाल’ लिहायचं आणि शाईचा रंग सांगायला लावायचं. अशा न जुळणाऱ्या शब्दांची यादी अवघड; शब्द आणि शाई जुळतात ती सोपी. दोन्हींना लागलेला वेळ मोज. फक्त निम्म्यांना अवघड यादी आधी दे, निम्म्यांना नंतर; नाहीतर सराव आणि थकवा निकालात घुसतात.

एका वेळी मनात किती गोष्टी धरून ठेवता येतात? ‘सात अधिक-उणे दोन’ हे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरचं 1956 चं वाक्य उत्तरपत्रिकेत बिनधास्त टाकू नकोस. नेल्सन कोवन या संशोधकांनी 2001 मध्ये ती मर्यादा चारच्या आसपास आणली. मेंदूच्या स्कॅनमधल्या रंगीत चित्रांकडे पुढच्या वर्षी वळलास तरी चालेल.