'लक्षवेधी'तला वेध

प्रश्न असा आला आहे: "अधिवेशन सुरू झालं की बातम्यांत 'आमदारांनी गृहमंत्र्यांना लक्षवेधी प्रश्न विचारला' असं ऐकू येतं. काही ठिकाणी 'लक्ष्यवेधी' असंही छापलेलं दिसतं. बरोबर काय? आणि लक्षवेधी आणि तारांकित प्रश्न यांत फरक काय?"

बरोबर 'लक्षवेधी'. 'य' काढून टाका. आणि लक्षवेधी हा प्रश्न नसतोच, ती सूचना असते. 'लक्षवेधी प्रश्न' म्हणणारा निवेदक सभागृहाच्या गॅलरीत एकदाही बसलेला नाही असं खुशाल समजा. दर अधिवेशनात हे कानांवर आदळतं, म्हणून आवाज थोडा चढला आहे.

'लक्षवेधी खेळी', 'लक्षवेधी साडी' वगैरे सोडून देतो, ते सगळ्यांना कळतं. विधिमंडळात मात्र हे विशेषण नाम होऊन बसलं आहे. मूळ 'लक्षवेधी सूचना', सूचना गळाली, म्हणून उरलेली लक्षवेधी स्त्रीलिंगी: लक्षवेधी दिली, लक्षवेधी लागली, लक्षवेधी राखून ठेवली. इथली सूचना म्हणजे सल्ला नव्हे, आगाऊ लेखी कळवणं. सदस्य लिहून देतो की अमुक तातडीच्या, सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे मला मंत्र्यांचं लक्ष वेधायचं आहे. अध्यक्षांनी ती स्वीकारली आणि दिवसाच्या कामकाजात ती छापली गेली की 'लक्षवेधी लागली'. मंत्री त्यावर निवेदन करतात, मग सदस्य खुलासे विचारतात. विधानसभेत हे चालतं नियम १०५ खाली. लोकसभेत नियम १९७ आहे आणि ही सोय तिथे १९५४ पासून आहे. ती आपल्याकडेच घडली. ब्रिटिश पार्लमेंटकडून प्रश्नोत्तराचा तास आपण घेतला तशी ही घेतलेली नाही.

हिंदीत हिला 'ध्यानाकर्षण' म्हणतात. आकर्षण म्हणजे ओढणं. मंत्र्याचं ध्यान ओढून आणायचं, बाहीला धरून. मराठीने ओढणं टाकून वेधणं घेतलं, आणि मला या शब्दाचं कौतुक आहे ते त्यासाठी.

आता 'लक्ष्यवेधी'वाल्यांकडे वळू. एका दैनिकाच्या भाषाविषयक सदरात मध्यंतरी ठणकावून लिहिलं होतं की 'लक्ष' म्हणजे अवधान, आणि अवधानाला बाण मारता येत नाही. वेध होतो तो लक्ष्याचा, म्हणून शुद्ध रूप 'लक्ष्यवेधी'. पुढे अर्थातच अर्जुन, फिरता मासा आणि त्याचा डोळा. हे सदर वाचून दोन मुद्रितशोधकांनी तरी 'य' घुसवला असणार. सदरकर्त्यांनी संस्कृतचा कोश उघडला असता तर त्यांना दिसलं असतं की 'लक्ष' या शब्दालाच खूण, नेम धरण्याची वस्तू, निशाणा हे अर्थ आहेत. त्यासाठी 'लक्ष्य'कडे हात पसरायची गरज नाही. आणि 'लक्ष' जुना किती? ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात 'स जनास इन्द्रः' या पालुपदाचं सूक्त आहे. त्याच्या चौथ्या ऋचेत इंद्राला जिंकणाऱ्या जुगाऱ्याची उपमा दिली आहे, आणि तो जुगारी जे उचलतो त्याला 'लक्ष' म्हटलं आहे. म्हणजे डावावर लावलेली वस्तू. मासा, डोळा आणि द्रौपदी फार नंतर आल्या. डावावरच्या वस्तूवर सगळ्यांची नजर खिळलेली असते हे लक्षात घेतलं तर खूण, निशाणा आणि अवधान हे अर्थ एकाच घरात कसे नांदतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

पण हे झालं 'लक्ष'चं. खरा आनंद 'वेध'मध्ये आहे, आणि इथे प्रश्नकर्त्याने थोडा धीर धरावा.

मुळात 'व्यध्' म्हणजे टोचणं, भोसकणं. कर्णवेध म्हणजे कान टोचणं. आकाशातल्या ग्रहाला नजरेने नेमकं गाठणं हाही वेध, म्हणून वेधशाळा, तीच जिच्या अंदाजाची आपण पावसाळाभर टिंगल करतो. ग्रहणाच्या आधी वेध लागतात, चंद्रग्रहणाला तीन प्रहर, सूर्यग्रहणाला चार. तिथून 'निवडणुकीचे वेध', 'दिवाळीचे वेध'. या वेधांत टोचणं शिल्लक नाही. अजून न आलेली गोष्ट आधीच आपल्यात शिरून बसते, खाणंपिणं बदलते, झोप उडवते, असा हा वेध आहे. मराठीत वेध 'मारत' नाहीत, वेध 'लागतात'. विठ्ठलाचा वेध लागतो. मन वेधलं जातं. त्या मनाला भोक पडत नाही.

हा अर्थ आला कुठून? बाणातून येणं अवघड आहे. बाण लागला की निशाणा फुटतो, माणूस पडतो, गोष्ट संपते. माझं म्हणणं असं की हा वेध रसशास्त्रातला, म्हणजे पाऱ्याच्या जुन्या किमयाविद्येतला आहे. पाऱ्यातला.

जुन्या रसशास्त्रात पाऱ्यावर अठरा संस्कार सांगितले आहेत. स्वेदन, मर्दन, मूर्च्छन असं करत करत सतरावा येतो तो वेध. सिद्ध झालेला पारा तांब्यात किंवा शिशात शिरतो, कणाकणात भिनतो आणि त्या हलक्या धातूचं सोनं करतो, अशी ती कल्पना. या भिनण्याला त्यांनी 'वेध' म्हटलं. पाऱ्याची ताकद मोजायची मापं काय होती पाहा. आपल्या वजनाच्या शंभरपट धातूला पालटतो तो शतवेधी, हजारपट पालटतो तो सहस्रवेधी, आणि लाखपट पालटतो तो लक्षवेधी. शब्द जसाच्या तसा, अक्षरही इकडचं तिकडे नाही. त्याच्या वर कोटिवेधी.

इथला 'लक्ष' संख्येचा आहे, अवधानाचा नाही, हे मलाही दिसतं. कृपा करून कोणी तेवढंच लिहून पाठवू नये. विधिमंडळाच्या कारकुनाने रसग्रंथ उघडून हा शब्द उचलला असंही मी म्हणत नाही. म्हणणं 'वेध'पुरतं आहे: मराठीतल्या 'वेधणे' या क्रियापदात बाणापेक्षा पारा जास्त आहे. नाथपंथी सिद्धांचा रसविद्येशी संबंध सर्वज्ञात आहे. शैव-शाक्त तंत्रांत 'वेधदीक्षा' आहे, जिच्यात गुरूची शक्ती शिष्यात शिरते आणि शिष्य पालटतो. आणि मराठीतला भक्तिसंप्रदाय ज्या परंपरेतून निघाला, तिच्यात ज्ञानेश्वरांचे गुरू निवृत्तिनाथ आणि त्यांचे गुरू गहिनीनाथ आहेत. शिरून पालटवणारा वेध मराठीत यायला याहून रुंद रस्ता कोणता हवा? धनुर्विद्येतून आलेला शब्द 'वेध लागला' अशी वाक्यरचना घेऊन आला असता का? अर्जुनाला माशाचा वेध लागला म्हटलं तर अर्थ केवढा बदलतो ते बघा. त्याला मासे खाण्याचे डोहाळे लागल्यासारखं वाटतं.

रसग्रंथांत वेधाचे पाच प्रकारही आहेत: लेप, क्षेप, कुंत, धूम आणि शब्द. लेपवेधात पत्र्यावर पाऱ्याचा लेप देतात, क्षेपवेधात वितळलेल्या धातूत तो टाकतात, धूमवेधात नुसता धूर लागतो. शब्दवेधात तर तोंडात पाऱ्याची गुटिका धरायची आणि फुंकलं की समोरचा धातू पालटतो. मंत्र्यांच्या निवेदनांत पहिला आणि चौथा प्रकार कसा ओळखायचा हे गॅलरीत बसणाऱ्यांना सांगायला नको. पाचवा साधलेला सदस्य क्वचित असतो. तो उठला की गृह विभागाचे अधिकारी त्यांच्या कक्षात कागद चाळायला लागतात.

शिवाय 'सूचना' बघा. 'सूच्' म्हणजे दाखवून देणं, आणि हा धातू 'सूची'वरून, म्हणजे सुईवरूनच निघाला असावा असं कोशकारांचं मत आहे. म्हणजे 'लक्षवेधी सूचना' या जोडीत एक टोचणं आणि एक सुई. इतकी अणकुचीदार संज्ञा आणि तिला आपण 'प्रश्न' म्हणून बोथट करायचं!

हं, तारांकित राहिलं.

तारांकित म्हणजे 'महत्त्वाचा' नव्हे. हा दुसरा गैरसमज, आणि तो पंचतारांकित हॉटेलांनी वाढवला आहे. प्रश्नाच्या क्रमांकाच्या डोक्यावर छोटी चांदणी छापतात. तिचा अर्थ एवढाच की याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून तोंडी द्यायचं आहे, आणि त्यामुळे त्यावर उपप्रश्न विचारता येतात. चांदणी नसली की अतारांकित, उत्तर लेखी, विषय संपला. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न लागतात. चांदणीची किंमत कळली ती सप्टेंबर २०२० मध्ये. करोनामुळे संसदेच्या त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला. अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरं मिळत राहिली, पण मंत्र्याला उभं करून 'मग पुढे काय?' विचारायची सोय गेली. हा उपप्रश्न आपल्याला सहजासहजी मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्न विचारायचा हक्क दिला, उपप्रश्नाचा नाही. १९०९ मध्ये तो मिळाला, पण फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्याला. बाकीच्यांना उठता यायला १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांची वाट पाहावी लागली.

लक्षवेधी आणि तारांकित यांच्यातला फरक कागद हातात घेतला की लगेच दिसतो. आपल्या विधिमंडळातला तारांकित प्रश्न असा छापतात: "माननीय गृहमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (१) अमुक पोलीस ठाण्याच्या हद्दीत अमुक घडले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" या साच्यातल्या 'असल्यास'-'नसल्यास' या जोडगोळीवर माझा जीव आहे. सगळी वाट दोन पायांवर चालते. आणि समोरून उत्तर येतं: "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही." चार कलमी प्रश्न विचारावा आणि प्रश्नच उद्भवला नाही असं ऐकून खाली बसावं! 'हे अंशतः खरे आहे' असं आलं तर सदस्याचे डोळे चमकतात, कारण त्या 'अंशतः'मध्ये पुढच्या तीन उपप्रश्नांचं बी असतं.

लक्षवेधीत 'हे खरे आहे काय' नसतं. तिथे सदस्य घटना सांगून टाकतो, लोकांत असंतोष पसरला आहे हेही सांगतो, आणि शेवटी शासनाची कार्यवाही आणि प्रतिक्रिया मागतो. खरं की खोटं हा वाद मागे पडतो. तुम्ही काय करणार तेवढं बोला. म्हणून ती प्रश्नोत्तराच्या तासानंतर येते, किंवा कामं तुंबली तर सकाळी लवकर भरवलेल्या विशेष बैठकीत. तुरुंगातली गर्दी, ठाण्यातले बंद पडलेले कॅमेरे, एसटीच्या रद्द झालेल्या फेऱ्या हे तिचे नेहमीचे विषय. एसटी इथे कशी, असं विचाराल तर मंत्रालयात परिवहन हा गृह विभागाचाच भाग आहे आणि राज्य उत्पादन शुल्कही तिथेच. मंत्री वेगळे, विभाग एक. त्यामुळे बातमीत 'गृहविभागाला लक्षवेधी' वाचलं की लगेच दंगल झाली असं समजू नये, बस न आल्याचीही ती असू शकते.

हरकतीचा मुद्दा आणि औचित्याचा मुद्दा यांची गल्लत हा आणखी एक विषय आहे. थोडक्यात, हरकत कामकाजाच्या नियमावर असते. औचित्याचा मुद्दा नियमात न बसणारी पण सभागृहाच्या कानावर घालावीशी गोष्ट मांडायला. आणि 'अध्यक्ष महाराज' हे जुनं संबोधन जाऊन 'अध्यक्ष महोदय' रुळलं, याचं मला उगाचच वाईट वाटतं. महाराज म्हटल्यावर पुढच्या वाक्याला जो ठेका येतो तो महोदयांना येत नाही.

तेव्हा लिहायचं असं: 'आमदारांनी लक्षवेधी सूचना मांडली', 'लक्षवेधीवर गृहमंत्र्यांनी निवेदन केलं', 'तारांकित प्रश्नावर उपप्रश्न विचारला'. 'लक्षवेधी लावली' हे कामकाज ठरवणाऱ्यांनी म्हणावं. आमदार ती देतात, ती लागते की नाही ते अध्यक्षांच्या हातात. अनेकवचन 'चार लक्षवेधी', फार तर 'लक्षवेधींवर'. 'लक्षवेध्या' असं एका वाहिनीच्या पट्टीवर पाहिलं. त्यांना करंज्या म्हणायच्या असाव्यात.