पाळकांना हिशेब विचारावा का?

प्रश्न : चर्चच्या मंडळीत पैशांचा हिशेब विचारला की आमचे पाळक (पास्टर) बायबलमधलं स्तोत्र 105 दाखवतात, ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका.’ मग मीखा संदेष्टा पुढाऱ्यांना एवढं कडक कसं बोलला? आम्हाला ते लागू होतं का? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, लागू होतं, आणि आधी आपल्याच घराला. ते स्तोत्र सलग वाचा. तिथले अभिषिक्त, म्हणजे देवाने निवडलेले, ते इस्राएलचे पूर्वज अब्राहाम, इसहाक, याकोब. परमुलखात फिरणारी, संख्येने थोडकी माणसं. देवाने धमकावलं ते राजांना! उपऱ्यांना दिलेलं ते कवच अधिकाऱ्याने स्वतःभोवती गुंडाळावं, हे मला सहन होत नाही.

मीखा मोरेशेथ गावचा, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला. तिसऱ्या अध्यायात तो सरदारांना तोंडावर सांगतो, तुम्ही माझ्या लोकांची कातडी सोलता, हाडं मोडता, कढईत घालायच्या मांसासारखे तुकडे करता. पुढे याजकही सुटत नाहीत. ते मोल घेऊन शिकवतात आणि वर म्हणतात, परमेश्वर आमच्यामध्ये आहे ना? यावर यहूदाच्या हिज्कीया राजाने मीखाला मारलं नाही, परमेश्वराचं भय धरलं. सुमारे शंभर वर्षांनी यिर्मया संदेष्ट्याच्या जिवावर बेतलं, तेव्हा वडीलजनांनी हाच दाखला दिला (यिर्मया 26).

प्रेषित पौलाने तर यरुशलेमसाठी जमवलेली वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेला भाऊ सोबत घेतला, कोणी दोष लावू नये म्हणून (2 करिंथ 8). हाच अध्याय पाळकांसमोर ठेवा. दोघंतिघं मिळून जा, आदराने बोला, पण मागणी लेखी द्या.